संगणकाला मुंबईची वेळ सांगताना

नवा लॅपटॉप पहिल्यांदा सुरू केला की भाषा, कीबोर्ड आणि वायफाय यांच्या मागोमाग तो टाइम झोन विचारतो. विंडोजच्या यादीत यूटीसी अधिक ५:३० या आकड्यासमोर चार शहरं एका ओळीत आहेत: चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली. बोरिवलीतला माणूस आपल्या शहराचं नाव पाहतो आणि निर्धास्त होऊन पुढे जातो. हेच काम लिनक्सच्या मूळ यादीतून करायला गेलं की पंचाईत होते. आशिया खंडाखाली मकाऊ आहे, मनिला आहे, मस्कत आहे, मुंबई नाही. दिल्लीही नाही. सगळ्या भारतासाठी एकच नोंद आहे आणि ती कोलकात्याच्या नावाने आहे.

पहिल्यांदा लिनक्स टाकणारा विद्यार्थी इथे हमखास अडखळतो. मग कुणीतरी ‘कोलकाता घे, चालतं’ असं सांगतं, आणि ते बरोबरच असतं. पण ते का चालतं आणि मुंबई यादीत का नाही, याचं उत्तर शोधताना या शहराचा पाऊणशे वर्षांचा एक झगडा हाती लागतो. संगणकाच्या घड्याळाच्या बहुतेक तक्रारी ज्या एका गोंधळातून निघतात, त्याची ओळखही तिथेच पटते.

ही यादी म्हणजे जगभरच्या टाइम झोनचा एक खुला माहितीसाठा. आर्थर डेव्हिड ओल्सन या अमेरिकी संगणकतज्ज्ञाने १९८० च्या दशकात तो सुरू केला, पुढे पॉल एगर्ट यांनी सांभाळला, आणि २०११ पासून इंटरनेटचे पत्ते व आकडे वाटणाऱ्या आयाना या संस्थेच्या छत्राखाली तो प्रसिद्ध होतो. लिनक्स, मॅक, अँड्रॉइड, आयफोन हे सगळे तोच वापरतात. त्याचा नियम साधा आहे. १९७० पासून आजपर्यंत ज्या प्रदेशातली घड्याळं सतत सारखी चालली, त्या प्रदेशाला एकच नोंद मिळते आणि तिला तिथल्या एखाद्या मोठ्या शहराचं नाव दिलं जातं. भारताच्या वाट्याला कलकत्ता आलं. २००८ मध्ये त्याचं कोलकाता झालं. मुंबईची स्वतःची वेळ १९७० पर्यंत टिकली असती तर मुंबईच्या नावाची वेगळी नोंद करावीच लागली असती. ती सुमारे पंधरा वर्षं आधी संपली.

मुंबई ग्रीनिचच्या पूर्वेला जवळपास ७३ अंशांवर आहे. सूर्य एक अंश ओलांडायला चार मिनिटं घेतो, म्हणून मुंबईची सूर्यावर बेतलेली वेळ ग्रीनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे पडते. याच हिशेबाने मुलुंड आणि अंधेरी यांच्यातही पंचवीसेक सेकंदांचा फरक निघतो. एकोणिसाव्या शतकात मुंबई ही ४:५१ ची वेळ पाळत होती. कलकत्त्याची वेळ ५ तास ५३ मिनिटं २० सेकंदांची होती, मद्रासची ५ तास २१ मिनिटं १० सेकंदांची. रेल्वेने देशभरासाठी मद्रासची वेळ उचलली. त्यामुळे मुंबईत स्टेशनातलं घड्याळ आणि शहरातलं घड्याळ यांत अर्ध्या तासाचं अंतर राहिलं. १८८१ मध्ये गव्हर्नर सर जेम्स फर्ग्युसन यांनी सरकारी कामकाजासाठी मुंबईवर मद्रासची वेळ लादायचा प्रयत्न केला; त्याला एवढा विरोध झाला की तो हुकूम मागे घ्यावा लागला.

१ जानेवारी १९०६ पासून मिर्झापूरजवळून जाणाऱ्या साडेब्याऐंशी अंशांच्या रेखावृत्तावर बेतलेली ५:३० ची भारतीय प्रमाणवेळ आली. मुंबईची घड्याळं तिच्याशी जुळवायची तर ३९ मिनिटं पुढे करायला हवी होती. कागदावर हा आकड्यांचा बदल होता. गिरणी कामगारासाठी तो झोपेवरचा घाला होता, कारण भोंगा सूर्याच्या हिशेबाने ३९ मिनिटं आधी वाजणार होता. त्या जानेवारीत हजारो कामगारांनी काम नाकारलं, दगडफेकही झाली. बंगालची फाळणी आणि स्वदेशीची चळवळ यांनी हवा तापलेली होतीच. रेल्वे आणि तारखातं नव्या वेळेवर गेलं, महापालिकेने आपली घड्याळं मुंबईच्या वेळेवर ठेवली, आणि पुढे चार दशकांहून अधिक काळ शहरात दोन वेळा नांदल्या. वेळ सांगताना ती ‘मुंबई टाइम’ की ‘स्टँडर्ड टाइम’ हे सांगावं लागे; जुन्या लग्नपत्रिकांत मुहूर्तापुढे कंसात ‘स्टँ. टा.’ छापायची रीत त्यातूनच आली. कलकत्त्याने १९४८ मध्ये आपली वेळ सोडली. मुंबईने १९५० च्या दशकात. १९५५ हे साल साधारणपणे सांगितलं जातं.

याच दशकात उपनगरं मुंबईत आली. १९५० मध्ये बृहन्मुंबईची हद्द अंधेरी, घाटकोपर सामावून घेत जोगेश्वरी आणि भांडुपपर्यंत गेली. १९५७ मध्ये ती दहिसर आणि मुलुंडपर्यंत वाढली आणि बोरिवली महापालिकेत आली. शहर आकाराने आजच्याएवढं होत असतानाच त्याची स्वतःची वेळ विरत गेली.

मात्र ती पुरती गेलेली नाही. पारशी नित्यप्रार्थनेत दिवसाचे पाच ‘गेह’ असतात आणि मुंबईच्या पारशी दिनदर्शिकांत दुपारचा गेह १२:४० ला सुरू होतो, त्यानंतरचा ३:४० ला. १२:४० मधून ३९ मिनिटं वजा केली की मुंबईच्या सूर्याची दुपार हाती येते. अंधेरीच्या साल्सेट पारशी कॉलनीत किंवा जोगेश्वरीच्या मालकम बागेत ज्यांच्या घरी ही दिनदर्शिका आहे, त्यांच्या भिंतीवर मुंबईची वेळ आजही हजर आहे.

संगणकाला मात्र ती ठाऊक नाही. कोलकात्याच्या नावाच्या नोंदीत भारताचा इतिहास असा आहे: आधी कलकत्त्याची वेळ, १८७० पासून मद्रासची, १९०६ पासून प्रमाणवेळ, मध्ये दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, शेवटच्या टप्प्यात १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५, घड्याळं एक तास पुढे म्हणजे ६:३० वर. मुंबईच्या ४:५१ चा पत्ताच नाही. माहितीसाठा सांभाळणाऱ्यांनी आपण १९७० नंतरच्या काळाची हमी देतो हे स्पष्ट केलेलं आहे, त्यामुळे दोष त्यांना देता येत नाही.

याचा फटका कुठे बसतो? जुन्या जन्मवेळांवर. घाटकोपर किंवा पार्ल्यातल्या कितीतरी घरांत आजोबांचं जन्मटिपण आहे. १९३८ चा जन्म, वेळ पहाटे ५:१०, शेजारी ‘मुं. टा.’ ही दोन अक्षरं. नातवाने ती वेळ कुंडलीच्या प्रोग्रॅममध्ये जशीच्या तशी भरली की प्रोग्रॅम ती प्रमाणवेळ समजतो. लग्नराशी साधारण दोन तासांत बदलते, म्हणजे ३९ मिनिटांत लग्न दहा अंशांच्या आसपास सरकतं. राशीचा तिसरा भाग. १९४३ चा जन्म असेल तर युद्धकाळाचा तासही मोजावा लागतो, आणि तो प्रोग्रॅमने धरलाय की नाही हे वेगळं तपासावं लागतं. ज्योतिषावर विश्वास असो वा नसो, रुग्णालयाची नोंद, गिरणीचं हजेरीपुस्तक, कोर्टातला जुना जबाब, अशा कुठल्याही कागदाला हेच लागू आहे. १९५५ च्या आधीचा मुंबईचा कागद संगणकात भरताना त्यावरची वेळ कोणती, हे माणसानेच ठरवायला हवं.

आता मूळ गोंधळाकडे. संगणक दोन गोष्टी वेगवेगळ्या जपतो. एक म्हणजे क्षण: तो सगळ्या जगासाठी एकच असतो आणि यूटीसी या जागतिक वेळेत मोजला जातो. युनिक्सच्या वंशातल्या यंत्रांत १ जानेवारी १९७० च्या मध्यरात्रीपासून किती सेकंद उलटले, एवढीच ही मोजणी असते. दुसरी गोष्ट टाइम झोन: तो क्षण पडद्यावर कसा दाखवायचा याचा नियम. भारतासाठी नियम एका ओळीचा आहे, साडेपाच तास मिळवा. एखाद्या फोटोवर किंवा फायलीवर ‘१ जानेवारी १९७०, पहाटे ५:३०’ अशी तारीख दिसली तर ती शून्य सेकंदांची भारतीय वेळ आहे. यंत्राला खरी तारीख मिळालीच नाही, एवढाच तिचा अर्थ.

तक्रार उद्भवते ती झोन चुकलेला असताना आकडा दुरुस्त केल्याने. नव्याने विंडोज टाकताना पुष्कळदा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याचा झोन तसाच राहून जातो. पडद्यावरची वेळ मुंबईच्या साडेबारा किंवा साडेतेरा तास मागे दिसते. वापरणारा झोनकडे बघत नाही, सरळ तास आणि तारीख हाताने बदलतो. पडद्यावर आता मुंबईची वेळ दिसते. पण आतला क्षण तितकेच तास पुढे पळालेला असतो. पाठवलेली मेल समोरच्याला उद्याच्या वेळेची दिसते. दर तीस सेकंदांनी बदलणारे सुरक्षा कोड देणारं अॅप त्याच यंत्रावर असेल तर त्याचे कोड नाकारले जातात, कारण ते कोड क्षणाच्या मोजणीवरच बनतात. मग कधीतरी यंत्र इंटरनेटवरून वेळ घेतं, क्षण सुधारतो, झोन चुकीचाच राहतो आणि पडद्यावरची वेळ पुन्हा साडेबारा तास मागे जाते. ‘घड्याळ आपोआप बिघडतं’ अशी तक्रार घेऊन जी यंत्रं दुकानात येतात, त्यांपैकी पुष्कळांची गोष्ट हीच असते. आधी झोन पाहावा, आकड्याला हात नंतर लावावा. एवढा क्रम पाळला तर दुरुस्तीवाल्याकडच्या निम्म्या खेपा वाचतील.

उरलेल्या निम्म्यातला मोठा हिस्सा सेलचा. संगणक बंद असतानाही मदरबोर्डवरचं छोटं घड्याळ चालू राहतं. १९८४ च्या आयबीएम पीसी एटीपासून ही सोय पीसीत रुळली. आत सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. हा आकडा म्हणजे दोनचा पंधरावा घात, त्यामुळे पंधरा वेळा निम्मा केला की बरोबर सेकंद मिळतो. त्याला वीज देतो तो नाण्यासारखा तीन व्होल्टचा सीआर २०३२ सेल. नावातच त्याचं माप आहे, २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी. काही वर्षांनी तो संपतो. मग मेन स्विच बंद करून उठलं की दुसऱ्या दिवशी संगणक कुठल्यातरी जुन्या वर्षात जागा होतो.

याचा पहिला परिणाम घड्याळात दिसत नाही, ब्राउझरमध्ये दिसतो. बँकेची साइट उघडत नाही, मेल उघडत नाही, ‘तुमचं घड्याळ मागे आहे’ असा इशारा येतो. सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्रावर सुरुवातीची आणि शेवटची तारीख असते. संगणक २०१५ सालात बसला असेल तर त्याच्या लेखी आजचं प्रमाणपत्र अजून जन्मायचंय. इथे आणखी एक अडचण येते, जी फारशी कुणाला ठाऊक नसते. विंडोजच्या मूळ मांडणीत साध्या घरगुती यंत्रावर इंटरनेटची वेळ आणि आतली वेळ यांत पंधरा तासांहून जास्त तफावत असेल, तर वेळेची सेवा ती दुरुस्ती नाकारू शकते. म्हणजे वर्षांचा फरक पडला असेल तेव्हा नुसतं ‘सिंक नाऊ’ दाबून भागत नाही. आधी तारीख आणि तास हाताने अंदाजे बरोबर करायचे, मग सिंक करायचं, आणि सेल बदलायचा. अंधेरी किंवा घाटकोपर स्टेशनाबाहेरच्या कुठल्याही संगणक-दुकानात तो मिळतो.

इंजिनिअरिंगच्या मुलांची तक्रार निराळी असते. एकाच लॅपटॉपवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही टाकलेलं असतं. पवईच्या आयआयटीतून चालणाऱ्या फॉसीसारख्या उपक्रमांनी मुक्त सॉफ्टवेअर कॉलेजांत पोचवल्यापासून हे चित्र नवं राहिलेलं नाही. लिनक्स मदरबोर्डच्या घड्याळात यूटीसी लिहून ठेवतो, विंडोज तिथे थेट स्थानिक वेळ आहे असं धरून चालतो. लिनक्समधून विंडोजमध्ये आलं की वेळ साडेपाच तास मागे, उलट दिशेने साडेपाच तास पुढे. तफावत नेमकी साडेपाच तासांची असेल तर सेल, इंटरनेट, व्हायरस यांतल्या कशाचाच संशय घ्यायचं कारण नाही. दोघांपैकी एकाला दुसऱ्याची रीत शिकवायची. विंडोजला रजिस्ट्रीतल्या एका नोंदीने यूटीसी मानायला लावता येतं आणि तोच मार्ग अधिक स्वच्छ आहे. लिनक्सला स्थानिक वेळ लिहायला लावता येतं, पण दुसऱ्या देशात गेल्यावर किंवा घड्याळं मागेपुढे करणाऱ्या प्रदेशात तो उपाय अंगाशी येतो.

बरोबर वेळ यंत्रापर्यंत पोचते कशी? डेव्हिड मिल्स या अमेरिकी शास्त्रज्ञाने आखलेल्या एनटीपी या पद्धतीने. १९८५ मध्ये तिचा पहिला तपशील प्रसिद्ध झाला आणि २०२४ मध्ये मिल्स वारले तेव्हाही जगातली बहुतेक यंत्रं तिच्यावरच चालत होती. संगणक दूरच्या सर्व्हरला वेळ विचारतो. प्रश्न जायला आणि उत्तर यायला किती वेळ लागला हे मोजतो, त्यावरून वाटेतल्या उशिराचा अंदाज काढून आपलं घड्याळ सरकवतो. भारतात वेळेचं मूळ नवी दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत, एनपीएलमध्ये आहे. तिथली अणुघड्याळं भारतीय प्रमाणवेळ ठरवतात.

कधीकाळी हा फक्त शास्त्रज्ञांचा विषय होता. २८ एप्रिल २०२२ रोजी सर्ट-इन या केंद्रीय सायबर सुरक्षा संस्थेने आदेश काढला आणि तो कंपन्यांच्या दारात आला. सेवा देणाऱ्या कंपन्या, डेटा सेंटर आणि सरकारी कार्यालयांनी आपली घड्याळं एनपीएलच्या किंवा एनआयसी या सरकारी संगणक-संस्थेच्या एनटीपी सर्व्हरशी, नाहीतर त्यांच्याशी जुळणाऱ्या सर्व्हरशी जोडावीत, १८० दिवसांच्या नोंदी ठेवाव्यात आणि सायबर घटना सहा तासांत कळवावी, असं त्यात आहे. नोंदी ठेवण्याची अट आणि घड्याळाची अट एकाच आदेशात आहेत याला कारण आहे. फसवणुकीचा माग पाच यंत्रांवरच्या नोंदी वेळेने जुळवून काढतात. पाचांची घड्याळं पाच तऱ्हेची असतील तर आधी काय घडलं आणि नंतर काय, हेच कळत नाही.

जानेवारी २०२५ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने आणखी एक पाऊल टाकत भारतीय प्रमाणवेळेच्या नियमांचा मसुदा सूचनांसाठी खुला केला. व्यापार, प्रशासन आणि कायदेशीर व्यवहारांत प्रमाणवेळ सक्तीची, खगोलशास्त्र, नौकानयन आणि संशोधन यांना सवलत, असा त्याचा आशय. वेळ देशभर पोचवण्यासाठी अहमदाबाद, बंगळुरू, भुवनेश्वर, फरीदाबाद आणि गुवाहाटी अशी पाच केंद्रं निवडली गेली. मुंबईतून चालणाऱ्या शेअरबाजाराला आणि बँकांना याची गरज सर्वांत जास्त आहे. सौदा आधी कुणाचा, हा प्रश्न तिथे सेकंदाच्या बारीक तुकड्यांवर सुटतो. हा मसुदा स्वागतार्ह आहे, आणि त्यासाठी लागणाऱ्या खर्चात सरकारने हात आखडता घेऊ नये.

सामान्य माणसाला हीच गोष्ट तत्काळच्या वेळी कळते. वातानुकूलित डब्यांसाठी सकाळी दहाला आणि बाकीच्यांसाठी अकराला आरक्षण उघडतं, ते रेल्वेच्या सर्व्हरच्या घड्याळाने. मुलुंडच्या घरातला लॅपटॉप वीस सेकंद मागे असेल तर त्याच्याकडे बघून बटण दाबणारा रांगेत मागे पडतो. म्हणून त्या दिवशी आपल्या कोपऱ्यातल्या घड्याळाऐवजी साइटवर दिसणाऱ्या घड्याळाकडे बघावं.

पश्चिम उपनगरांत टाइम झोन हा पगाराचा विषय आहे. अंधेरीची सीप्झ वसाहत १९७३ मध्ये निर्यातीसाठीच उभी राहिली आणि इथल्या सॉफ्टवेअर कंपन्या अमेरिकी घड्याळाकडे तेव्हापासून बघत आल्या. पुढे मालाडच्या माइंडस्पेसमधल्या कॉल सेंटरांनी रात्रीची मुंबई त्या घड्याळाला बांधली. न्यूयॉर्कमध्ये सकाळचे नऊ वाजतात तेव्हा इथे उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा आणि हिवाळ्यात साडेसात असतात. अमेरिका २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करते आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे घेते. ब्रिटन आणि युरोप मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी. त्यामुळे मार्चमधले दोन-तीन आठवडे असे येतात की न्यूयॉर्कची बैठक मुंबईत तासभर आधी सरकलेली असते आणि लंडनची जुन्याच वेळेला असते. तिघांची एकत्र बैठक असेल तर कुणीतरी चुकतोच. ऑफिसच्या गाड्या, जेवणाच्या वेळा, घरी परतायची शेवटची लोकल, सगळं त्या रविवारांवर हलतं.

यावर काही जण लॅपटॉपचा झोनच न्यूयॉर्कचा करून टाकतात. ते टाळावं. मग फायलींच्या वेळा परक्या दिसतात, बँकेच्या नोंदी जुळत नाहीत, आणि घरी त्याच यंत्रावर मुलगी गृहपाठाची मुदत बघते तेव्हा तारीखच बदललेली असते. विंडोजमध्ये मुख्य घड्याळाशेजारी आणखी दोन घड्याळं दाखवायची सोय आहे. मुख्य झोन भारताचा ठेवून परदेश तिथे ठेवावा. बैठकीचं निमंत्रण पाठवताना ते कोणत्या शहराच्या वेळेला बांधलंय हे कॅलेंडरमध्ये निवडता येतं. दर आठवड्याची बैठक न्यूयॉर्कच्या वेळेला बांधली की तिकडचा बदल कॅलेंडर स्वतः सांभाळतं.

न्यूजर्सीत राहणाऱ्या मराठी घरांना हाच प्रश्न संकष्टीला पडतो. चंद्रोदयाची जी वेळ मुंबईच्या कॅलेंडरात छापलेली असते ती मुंबईच्या आकाशाची. तिच्यातून साडेनऊ किंवा साडेदहा तास वजा करून तिकडची वेळ निघत नाही, कारण चंद्र तिथे वेगळ्याच वेळी उगवतो. पंचांगाच्या अॅपमध्ये शहर आणि झोन दोन्ही तिकडचे निवडायला हवेत. इकडून गेलेला फोन आईच्या सोयीसाठी भारताच्या वेळेवर ठेवला असेल तर काही अॅप भलतीच वेळ दाखवतात.

सगळ्यांत दुर्लक्षित घड्याळ मात्र सोसायटीच्या वॉचमनच्या केबिनमध्ये आहे. बोरिवलीपासून मुलुंडपर्यंत क्वचितच एखादी इमारत सीसीटीव्हीशिवाय असेल. त्यांची चित्रं साठवणारा डीव्हीआर पुष्कळदा चीनमध्ये बनलेला असतो आणि त्यात बीजिंगचा झोन, यूटीसी अधिक आठ, आधीच भरलेला असतो. बसवणारा माणूस झोन न बदलता आकडे मुंबईचे करून जातो. काही महिन्यांनी कुणीतरी इंटरनेटवरून वेळ घेण्याची सोय चालू करतं आणि डीव्हीआर अडीच तास पुढे उडी मारतो. वीज वारंवार गेली आणि आतला सेल संपलेला असला तर तो थेट २००० सालातही जातो. चोरी झाल्यावर पोलीस रात्री दोनचं फुटेज मागतात आणि पडद्यावर साडेचारचं चित्र असतं. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागतं. त्या पुराव्यावरची वेळच चुकलेली असेल तर बचाव पक्षाच्या वकिलाला आयता मुद्दा मिळतो. फुटेज देताना डीव्हीआरची वेळ आणि खरी वेळ यांतला फरक पंचनाम्यात लिहून घेतला पाहिजे. त्याहून बरं म्हणजे सेक्रेटरीने महिन्यातून एकदा फोन हातात धरून दोन्ही घड्याळं ताडून बघावीत.

अधूनमधून घड्याळाचा नियमच बदलतो, तेव्हा शहाण्या यंत्रांचीही त्रेधा उडते. पृथ्वीची गिरकी अणुघड्याळाच्या तुलनेत मागेपुढे होते म्हणून लीप सेकंद घालतात. शेवटचा घातला गेला तेव्हा भारतात १ जानेवारी २०१७ ची पहाट होती. ५:२९:५९ नंतर ५:२९:६० आला आणि मग साडेपाच वाजले. २०१२ च्या लीप सेकंदाला लिनक्सच्या गाभ्यातल्या एका दोषामुळे जगातल्या कित्येक मोठ्या साइट कोलमडल्या होत्या. हे सेकंद २०३५ पर्यंत बंद करावेत असं २०२२ मध्ये आंतरराष्ट्रीय परिषदेने ठरवलं आहे.

पुढची खरी परीक्षा मंगळवार, १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनी आहे. १९७० पासूनचे सेकंद ३२ बिटांच्या जागेत मोजणाऱ्या यंत्रांची जागा त्या क्षणी भरते आणि पुढच्या सेकंदाला ती १९०१ सालात जातात. आजचे लॅपटॉप आणि नवे फोन ६४ बिटांत मोजतात, त्यांना धोका नाही. धोका आहे तो एकदा भिंतीवर लागले की दहा-पंधरा वर्षं न हलणाऱ्या वस्तूंना: डीव्हीआर, हजेरीची बोटाच्या ठशाची मशीन, फाटकाचे कार्ड-रीडर. काही डीव्हीआरमध्ये वर्षांची यादी २०३७ लाच संपते. सोसायटी यंदा असं एखादं यंत्र घेत असेल तर बसवणाऱ्यासमोर त्यात २०३९ ची तारीख टाकून बघावी. मिनिटभराचं काम आहे. यंत्र ती तारीख घेत नसेल तर बिल चुकतं करू नये.